इलूचा न पाहिलेला सिनेमा

त्या सकाळी मी सोनचाफ्याची फुलं काढत होतो. आकडी हातात, टोपली फांदीला अडकवलेली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी ग्लोरी फाटकातून आली आणि झाडाखाली उभी राहिली. "काका, जरा खाली या," ती म्हणाली. मी म्हटलं, "टोपली भरू दे." मला फुलं अर्धवट सोडलेली आवडत नाहीत, आणि भावाच्या घरच्या कोणी मला हाक मारली की लगेच जायचं नाही, ही माझी जुनी खोड. ती टोपली भरेपर्यंत थांबली. शिडीवरून उतरताना मला तिचे पाय आधी दिसले... एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात तिच्या आईची. माझा भाऊ इलू तीन दिवस हॉस्पिटलात होता. मी टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "केव्हा?" ती म्हणाली, "पहाटे. तुम्हाला उठवू नका, पप्पा म्हणाले होते." त्याला आता महिना होऊन गेला. ती टोपली भरेपर्यंतची दहा मिनिटं मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

इलायस, आमचा इलू, काही वाचकांना त्याच्या एकुलत्या एका सिनेमामुळे माहीत असेल. 'अर्धी माळ' त्याचं नाव. स्टार नाहीत, गाणी नाहीत, निर्माता कोणी नाही. मित्रांचा कॅमेरा, स्वतःचं घर आणि सुट्टीच्या दिवशी मोकळे असलेले नट. वसईतल्या एका ख्रिस्ती वाडीवाल्या कुटुंबातले दोन भाऊ एकमेकांना आयुष्यभर पाण्यात पाहतात, एवढीच त्याची गोष्ट. त्यातला मोठा भाऊ, ज्याला बघून हॉल हसतो, तो मी. नाव बदललंय, मिशी लावलीय, पण गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हा जोकीम सर. आणि हा सिनेमा मी इलूच्या हयातीत पाहिला नाही. त्याने तीन वर्षं विनवण्या केल्या, तरी पाहिला नाही.

आमच्यात चार वर्षांचं अंतर. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितोय. आम्ही दोघं एका चटईवर झोपायचो आणि उशीवरून रोज भांडायचो, कारण इलू डोक्याला चपचपीत खोबरेल लावायचा आणि उशीचा अभ्रा दोन दिवसांत पिवळा करायचा. आई दर ईस्टरला आम्हाला दाराच्या चौकटीला टेकवून उभं करायची आणि पेन्सिलीने उंचीची रेघ मारायची. मी अठरा वर्षांचा झालो त्या ईस्टरला इलूची रेघ माझ्या रेघेपर्यंत येऊन पोचली. पुढच्या वर्षीपासून मी चौकटीला उभा राहिलो नाही. "मी काय लहान आहे?" म्हणालो. आई हसली, आणि इलूने तिला हसू नकोस म्हणून खूण केली. ती खूण मला दिसली, आणि आईच्या हसण्यापेक्षा तीच जास्त झोंबली.

पप्पा चर्चच्या गायनमंडळात पुढे उभे राहून गायचे. त्यांचा आवाज इलूला आला. मला आला तो कुणाचा कोण जाणे, पण त्यात सूर नव्हता. मला गायनमंडळात घेतलं ते पप्पांचा मुलगा म्हणून, आणि पहिल्याच रविवारी पप्पांनी हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." मी दोन वर्षं नुसते ओठ हलवले. इलू माझ्याच शेजारी उभा राहून पोटातून गायचा. पप्पा वाईट माणूस नव्हते, पण त्यांना एक मुलगा कानाला गोड लागायचा आणि दुसरा वाडीत शिंपणं करायला बरा पडायचा, आणि ते लपवण्याची कला त्यांना नव्हती.

पप्पांचा एक मित्र बोटीवर कामाला होता. त्याने टेपरेकॉर्डर आणून दिला आणि इलू वेडा झाला. विहिरीत बादली पडण्याचा आवाज, आईचं खोबरं खवणं, सणाचा बँड... जे सापडेल ते भरून ठेवायचा. एकदा पप्पांबरोबर आम्ही सायकली हाणत अर्नाळ्याला सुके बोंबील आणायला गेलो. इलू टेपरेकॉर्डर घेऊन बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखाली बसला. एक कोळीण कमरेवर हात ठेवून आली. "काय करतंस रं मांडवाखाली?" "आवाज भरतोय," इलू म्हणाला. "सुक्या मावऱ्याला कसला आवाज? थांब, पानी वतते, मंग ये आवाज." आणि खरंच तिने त्याच्या बाजूला घमेलंभर पाणी ओतलं. इलूने ते भरून घेतलं, आणि तिचं हसणंही. घरी आल्यावर मी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण त्याच कॅसेटवर भरलं. कोळीण पुसली गेली, समुद्र पुसला गेला. मला माहीत नव्हतं असं मी तेव्हा सांगितलं. मला माहीत होतं. इलूने माझं अख्खं भाषण शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दादा, तुझा आवाज घशातून येतो. पोटातून काढ." मी त्याच्या कानफटात मारली.

आता ज्याच्यावर त्याने सिनेमा केला ती गोष्ट. आमच्याकडे रोज संध्याकाळी सात वाजता आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यासमोर, बसून रोझरी म्हणतात. ही प्रार्थना दोन आवाजांची असते. घरातला मोठा माणूस माळेतल्या प्रत्येक मण्याला अर्धी प्रार्थना म्हणतो आणि थांबतो. उरलेली अर्धी बाकीचे म्हणतात. पहिला सुरू करतो, दुसरे उत्तर देतात. पप्पा होते तोवर पप्पा सुरू करायचे. ते गेले त्या दुपारी मी वाडीत पंप लावायला गेलो होतो आणि इलू त्यांच्या उशाशी होता. परत आलो तेव्हा सगळं संपलं होतं. इलूने सांगितलं, "पप्पा म्हणाले, रोझरी तू सुरू करत जा." मोठा मी. आणि मरणाऱ्या माणसाने जाता जातासुद्धा मला ओठच हलवायला सांगितले होते.

दफनानंतरच्या पहिल्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. सात वाजले. मी माळ घेतली आणि सुरू केली. त्याच क्षणी इलूनेही सुरू केली. दोघांनी एकदम अर्धी प्रार्थना म्हटली आणि दोघं थांबलो. आलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. उत्तर कोणाला द्यायचं? आम्ही पुन्हा सुरू केलं. तो माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गेला, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो. पन्नास मणी आम्ही असे पार केले. दोघंही सुरू करणारे, उत्तर देणारा एकही नाही. शेवटी पांढऱ्या साडीत बसलेली माझी आई एकटी उत्तर देऊ लागली... आधी माझ्याकडे तोंड करून, मग इलूकडे तोंड करून. तिचा श्वास पुरत नव्हता. त्या दिवशी तिला आम्ही जेवढं दमवलं तेवढं पप्पांच्या मरणानेही दमवलं नसेल, असं मला आता वाटतं.

पुढे आईने दिवस वाटून दिले, एक दिवस माझा, एक इलूचा. तिच्या डोळ्यांसमोर ते चाललं. पण ती गेल्यावर आठवडाही लोटला नाही, आणि मी गवंडी बोलावला. दिवाणखान्याच्या मध्ये भिंत आली. आल्तार माझ्या बाजूला राहिला, भिंतीला पाठ लावून. इलूने अडवलं नाही. तेव्हा तो मुंबईत एका स्टुडिओत साउंडचं काम करायचा, लोकांच्या सिनेमांत पावलांचे आणि पावसाचे आवाज भरायचा. त्याने गवंड्याला फक्त एवढंच विचारलं, "भिंत किती इंची?" "साडेचार," गवंडी म्हणाला. इलूने मान डोलावली. मला वाटलं, जाडी कमी आहे म्हणून कुरकुरतोय.

माझी बायको मार्था मला उत्तर द्यायची. मोठ्याने, ठसक्यात, कधी तव्यावरची भाकरी उलटत. सहा वर्षांपूर्वी ती गेली. इलूने तिच्या शवपेटीला खांदा दिला, कबरीत माती टाकली, माझ्याजवळ तासभर बसला, आणि आम्ही दोघं मातीच्या ओलीबद्दल बोललो. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आपापल्या दारात आपापली माणसं. मी एकट्याने रोझरी म्हणू लागलो. अर्धी म्हणायचो आणि सवयीने थांबायचो. उत्तर यायचं नाही. मग तेवढा वेळ गप्प बसून पुढचा मणी धरायचो. उरलेली अर्धी स्वतः म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. ती मार्थाची होती.

त्याच सुमारास मनवेलपाड्याचा सावंत नावाचा एक माणूस वाडीत यायला लागला. चाळिशीचा, ऑफिसात नोकरी. बिल्डिंगच्या गच्चीवर सोनचाफा लावायचाय, कलम कसं बांधतात ते शिकवा म्हणाला. मला शिकवायची सवयच. सदतीस वर्षं शाळेत घालवली आहेत. मी त्याला आठ रविवार शिकवलं, चहा पाजला, माझं बालपण सांगितलं, शेजारच्या जुझेला मी कसा झापतो तेही करून दाखवलं. भला माणूस, एकाग्रतेने बघायचा. पुढे कळलं की इलूच्या सिनेमात तो माझी भूमिका करतोय. मला चिडवायची सगळी विद्या मीच त्याला चहासोबत दिली होती.

सिनेमा एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये दाखवला. सगळा गाव गेला. मी केळींना पाणी सोडत बसलो. संध्याकाळी जुझे कुंपणापाशी आला आणि दात काढत म्हणाला, "जोकीम, तुझा पार्ट झकास झालाय. फक्त तो तुझ्यापेक्षा जरा बरा गातो. ती दोघांची रोझरी लागली तेव्हा काय हसलेत लोक..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. त्यानंतर कोणालाच बोलू दिलं नाही. तडक इलूच्या दारात गेलो. "तू मला गावासमोर नागडा केलास," मी म्हटलं. "आईच्या त्या दिवसाचा तमाशा केलास." इलू जेवत होता. हात धुऊन उभा राहिला. "मी काय वेगळा दिसतोय त्यात? दोघंही सारखेच मूर्ख दिसतोय. दादा, शेवटपर्यंत बघ. मग काय ते बोल." "मेलो तरी बघणार नाही," मी म्हटलं आणि आलो.

नाताळात एका घराचं ताट दुसऱ्या घरी जातं आणि ताट रिकामं परत करायचं नाही, ही आमची रीत भिंतीनेही मोडली नव्हती. त्या वर्षी ग्लोरी ताट घेऊन आली. नेवऱ्या, केक, आणि रुमालाखाली एक पेन ड्राइव्ह. मी नेवऱ्या खाल्ल्या, ताट धुतलं आणि त्यात तोच पेन ड्राइव्ह ठेवून परत पाठवलं. रीत पाळली म्हणून स्वतःवर खूशही झालो. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी ताट घेताना ग्लोरी म्हणाली, "काका, ह्या वेळी प्लीज एकदा बघा ना. पप्पांची तब्येत ठीक नाही." मी म्हटलं, "नेवऱ्यांत खसखस कमी आहे, आईला सांग." ...हे लिहिताना लाज वाटते. पण इलूचा सिनेमा खरा आणि माझा लेख खोटा, असं व्हायला नको.

शेवटची भेट हॉस्पिटलात जाण्याच्या आदल्या दिवशी झाली, फाटकापाशी. तो हिल्डाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, खांद्यावर हात ठेवून रिक्षाची वाट बघत होता. चंदनसारला कुणा डॉक्टरला दाखवायचं होतं. खोकून खोकून अर्धा झालेला, पण डोक्याला तेल चपचपीत. मी टोपली घेऊन बाजूने जाऊ लागलो तर म्हणाला, "दादा, घसा बसलाय तुझा. चार दिवस झाले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर." मी म्हटलं, "तू तुझा खोकला बघ." चार दिवसांत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. माझा घसा बसल्याचं त्याला कसं कळलं, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

दफनाला सावंत आला होता. कबरीपाशी हात पाठीमागे बांधून, मान थोडी वाकडी करून उभा होता, आणि मी समोर अगदी तसाच. नंतर जवळ येऊन माझ्या पाया पडला. म्हणाला, "सर, मी फसवून आलो होतो. पण ते कलम जगलं. फुलं येतात." मला त्याच्यावर रागवायचं होतं. मी विचारलं, "शेणखत घालतोस ना?"

इलूच्या महिन्याच्या मिस्साच्या, म्हणजे स्मरणप्रार्थनेच्या, दिवशी, चर्चहून आल्यावर, ग्लोरी मला म्हणाली, "काका, आज पप्पांच्या खोलीत चला. मी काही दाखवणार नाही. नुसते बसा." भिंतीमागची ती खोली भिंत झाल्यापासून मी पाहिली नव्हती. इलूची शवपेटी पुढच्या पडवीत ठेवलेली, तिथूनच मी परतलो होतो. आत त्याची यंत्रं, वायरींची भेंडोळी, कॅसेटींचे खोके, आणि भिंतीला, माझ्या भिंतीला, पाठ लावून ठेवलेली एक लाकडी खुर्ची. खुर्चीच्या वर चुन्यावर एक गोल डाग. पिवळट, काठाला गडद, बशीएवढा. मी जवळ जाऊन वास घेतला. खोबरेल.

"रोज सातला इथे बसायचे," ग्लोरी म्हणाली. "डोकं भिंतीला टेकून. मार्था काकी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. तुम्ही अर्धी म्हणून थांबायचात ना... पप्पा म्हणाले, कोणीतरी उत्तर द्यायला पाहिजे. तुम्ही फार भरभर म्हणता म्हणायचे. त्यांना दम लागायचा."

मग मी स्वतःच म्हटलं, "लाव तो सिनेमा." तासाभराचा आहे. मी हसलोसुद्धा, सावंत खरंच छान चिडतो. दोघांची रोझरी आली तेव्हा दोन्ही भाऊ सारखेच मूर्ख दिसले, इलू म्हणाला होता तसे, आणि मधे उत्तर देऊन दमणाऱ्या आईकडे मला बघवेना. आणि मग शेवट, जो मला कोणी सांगितला नव्हता, कारण मी कोणाला तोंडच उघडू दिलं नव्हतं. पडद्यावर फक्त ती भिंत. माणूस नाही, नट नाही. भिंतीपलीकडून एक भसाडा आवाज येतो, घशातून. तो सावंतचा नव्हता. माझा होता. अर्धी प्रार्थना म्हणतो आणि थांबतो. आणि त्या थांबण्यात, अलीकडून, अगदी हळू, पलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू, इलू उत्तर देतो. पप्पांचा आवाज. पोटातून. पुन्हा मी, पुन्हा तो. पूर्ण दहा मणी. पप्पांनी त्याला सुरू करायला सांगितलं होतं, आणि माझा भाऊ सहा वर्षं रोज संध्याकाळी मला उत्तर देत होता. साडेचार इंचांवरून. मी ग्लोरीसमोर रडलो, आणि तिने मला रडू दिलं.

सात वाजले. हिल्डा येऊन खाली बसली. ग्लोरीने खोलीतली माळ काढून माझ्या हातात दिली. "काका, सुरू करा. तुम्ही मोठे." मी इलूच्या खुर्चीत बसलो होतो. माळ तिला परत दिली. म्हटलं, "तू सुरू कर. मी उत्तर देतो." सत्तरीच्या घरात आलो, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. तिने सुरू केलं. आवाज आजोबांचाच. अर्धी म्हणून ती थांबली, आणि मी उत्तर दिलं, जमेल तसं, घशातून.

आता रोज जातो. ग्लोरी म्हणते भिंत पाडू या. मी म्हणतो, एवढ्यात नको. तो डाग आहे तोवर राहू दे. पहिल्या दिवशी माळ संपत आली तेव्हा मी दमून मागे टेकलो. डोकं डागावर टेकेल असं वाटलं होतं. ते दोन बोटं खाली टेकलं. इलू माझ्यापेक्षा उंच होता. मी ते कधी मोजू दिलं नव्हतं.